फुटलेल्या रानात पुरायचा पाईप: घ्यावा का, घेताना काय बघावं

कृष्णा, वारणा, पंचगंगेच्या काठच्या ऊसपट्ट्यात चिबड झालेल्या, म्हणजे पाणी धरून बसलेल्या काळ्या रानावर विकले जाणारे उपाय डझनभर आहेत. त्यांत मुळावर घाव घालणारा एकच: चार फुटांवर पुरलेला, रानातलं जादा पाणी ओढ्यात काढून देणारा सच्छिद्र पीव्हीसी पाईप. जिप्सम, ढैंचा (हिरवळीचं खत), मळी, शेणखत हे सगळं त्याच्या मागून यायचं. आधी नाही, आणि त्याच्याऐवजी तर नाहीच. वाळवा, पलूस, मिरज, शिरोळ तालुक्यांत जिथे वेड्या बाभळी आणि पाणकणीस माजलं होतं तिथे पुन्हा उसाची लागण दिसते ती या पाईपमुळे. आणि त्याच शिवारात तोच पाईप पुरूनही रान होतं तसंच पांढरं राहिलेलं सापडतं. पैसे मोजले जातात पाईपचे, काम करतो उतार, आणि उतार मोजून घ्यायला बांधावर कुणी थांबत नाही.

म्हणून आमचं मत आधीच सांगतो. माल म्हणून पाईपला चांगले गुण. बसवून देण्याच्या सेवेला, आज जशी मिळते तशी, जेमतेम पास. ओढा लांब असेल आणि शेजारी तयार नसतील, तर सध्या घेऊच नका.

एकराला काय काय लागतं

कंत्राटदार ज्याला ‘एकराचं ड्रेनेज’ म्हणतात त्यात चार वस्तू येतात. ८० मिमीचा वळ्यावळ्यांचा सच्छिद्र पाईप, म्हणजे लॅटरल. लॅटरलचं पाणी गोळा करणारा १६० किंवा २०० मिमीचा कलेक्टर. दोन्ही जुळतात तिथे सिमेंटच्या रिंगांचा चेंबर. आणि ओढ्यात किंवा नाल्यात सोडलेलं तोंड. लॅटरलभोवतीचा फिल्टर कधी धरलेला असतो, कधी नसतो. कोटेशनमध्ये तो स्वतंत्र ओळीत आहे का ते बघा.

लॅटरल किती लागेल हे दोन ओळींतल्या अंतरावर ठरतं. एकर म्हणजे ४०४७ चौरस मीटर. २५ मीटर अंतर धरलं तर एकरी साधारण १६० मीटर पाईप, २० मीटर धरलं तर २००, १५ ला २७०, आणि १० मीटरला थेट ४००. एकाच रानाची दोन कोटेशनं दुपटीने वेगळी येतात ती बहुतेक वेळा दरामुळे नव्हे, अंतरामुळे. ‘एकरी इतके’ असा भाव सांगणाऱ्याला पहिला प्रश्न हाच टाका: अंतर किती धरलंत, आणि कशावरून?

उत्तर ‘सगळीकडे एवढंच धरतो’ असं आलं तर पुढे बोलण्यात अर्थ नाही. अंतर ठरतं ते जमिनीतून पाणी आडवं किती वेगाने सरकतं त्यावर. त्यासाठी गिरमिटाने दीड-दोन मीटर खोल भोक पाडतात, पाणी स्थिर झालं की बादलीने उपसतात, आणि पाणी परत किती वेगाने चढतं ते घड्याळ लावून बघतात. तासाभराचं काम आहे. पाच एकरांत अशी तीन-चार भोकं पाडली की रान कुठे गच्च आहे आणि कुठे खाली मुरूम किंवा वाळूचा पट्टा आहे हेही कळतं. वाळूचा पट्टा सापडला तर पाईप त्यातून नेता येतो आणि अंतर वाढतं. हा फायदा नुसत्या नजरेने कधीच कळत नाही.

आधी रानाचं दुखणं ओळखा

पाणथळ, क्षारयुक्त आणि चोपण ही तीन वेगळी दुखणी आहेत. लोक तिन्हींना ‘रान फुटलं’ म्हणतात. नुसतं चिबड असेल, म्हणजे वाफसा येत नाही पण मीठ नाही, तर पाईप एकटा पुरतो. क्षारयुक्त जमिनीत पीएच ८.५ च्या आत, संपृक्त अर्काची (पाण्याने पुरती भिजवलेल्या मातीतून काढलेल्या पाण्याची) ईसी, म्हणजे मीठ किती ते सांगणारी विद्युतवाहकता, ४ च्या वर आणि ईएसपी, म्हणजे मातीला चिकटलेल्या सोडियमचा टक्का, १५ च्या खाली असतो. पांढरा पापुद्रा दिसतो, पण माती दाणेदार असते. इथे पाईप आणि धुण्यासाठी गोडं पाणी, एवढंच लागतं. जिप्समवर खर्च करू नका.

चोपण जमिनीत पीएच ८.५ च्या वर, ईसी ४ च्या आत आणि ईएसपी १५ च्या वर. वर पांढरं फारसं दिसत नाही; उलट काळपट, तेलकट चमक असते, पाणी दोन-दोन दिवस गढूळ उभं राहतं, सुकल्यावर ढेकळं दगडासारखी होतात. सोडियमने मातीचे कण सुटे केलेले असतात, त्यामुळे पाणी पाईपपर्यंत पोचतच नाही. इथे जिप्समशिवाय पाईप कोरडा राहतो.

सगळ्यात फसवं रान क्षारयुक्त-चोपण. ईसीही जास्त आणि ईएसपीही जास्त. यात मीठ असेपर्यंत माती मोकळी दिसते. जिप्सम न टाकता नुसतं पाणी लावून धुतलं की मीठ निघून जातं, सोडियम मातीला चिकटून राहतो आणि रान पहिल्यापेक्षा गच्च होतं. ‘पाईप टाकल्यावर उलट बिघडलं’ अशी तक्रार येते तिचं कारण बहुधा हेच.

तपासणीच्या कागदावरची एक गंमत सांभाळा. आपल्या बहुतेक प्रयोगशाळा एक भाग माती आणि अडीच भाग पाणी मिसळून ईसी काढतात. पिकांच्या सहनशक्तीचे आकडे मात्र संपृक्त अर्काच्या ईसीवर बसवलेले आहेत, आणि ती ईसी भारी रानात सहज दुप्पट-तिप्पट निघते. कागदावर १.२ बघून ‘ठीक आहे’ म्हणणाऱ्याचा ऊस आधीच ताणात असतो, कारण उसाची मर्यादा १.७ ची. त्यापुढे ईसी एकाने वाढली की उत्पादन साधारण सहा टक्क्यांनी घटतं. ४ ईसीला तेरा-चौदा टक्के गेले आणि ८ ला एक तृतीयांशाहून जास्त. पृष्ठभागाचा एकच नमुना देऊ नका. ०-३०, ३०-६० आणि ६०-९० सेंटिमीटर असे तीन थर वेगळे द्या. मीठ वर आहे की खालून चढतंय हे त्यावरून कळतं.

पाईप हातात घेऊन

लॅटरलच्या पाईपवर आयएस ९२७१ चा शिक्का असावा. शिक्का बघून झाला की अर्धा मीटर तुकडा कापून घ्या आणि उजेडाकडे धरून आत डोकवा. छिद्रं दोन वळ्यांच्या मधल्या खोबणीत असतात. ती आरपार हवीत. यंत्राने छिद्र पाडताना प्लास्टिकची साल आत लोंबत राहिली असेल तर गाळ तिथेच अडतो. काही गुंडाळ्यांत एका बाजूची छिद्रांची ओळ अर्धवटच पडलेली सापडते. अशी गुंडाळी परत करायची.

मग तुकडा जमिनीवर आडवा ठेवून टाचेने दाबा. दबला पाहिजे आणि पाय काढताच मूळ आकाराला आला पाहिजे. तडा गेला तर माल उन्हात पडून होता. पीव्हीसी उन्हाने ठिसूळ होतो, आणि आपल्याकडे काम एप्रिल-मेमध्येच चालतं, गुंडाळ्या बांधावर आठ-आठ दिवस पडलेल्या असतात. झाडाखाली ठेवा, नाहीतर पाचट टाकून झाका. गुंडाळीच्या अगदी आतल्या फेऱ्यांत पाईप चपटा झालेला असतो. तेवढे दोन-तीन मीटर टाकून दिलेले परवडतात.

चरात टाकताना मजूर पाईप ओढतात. वळ्या ताणल्या की भिंत पातळ होते आणि मातीच्या वजनाखाली बसते. ताण शेकडा पाचाच्या वर जाऊ नये, म्हणजे शंभर मीटर पाईप एकशेपाच मीटरच्या पुढे पोचता कामा नये. कंत्राटदाराला मात्र पाईप जेवढा ताणेल तेवढा नफा. चराची लांबी आणि आणलेल्या गुंडाळ्यांची लांबी जुळवून बघितली की हे लगेच उघडं पडतं.

फिल्टरबद्दल बांधावर बरीच मतं ऐकू येतात. चिकणमाती भरपूर असलेल्या, दाणेदार काळ्या रानात फिल्टर नसला तरी चालतं, कारण चिकणमातीचे दाणे एकमेकांना धरून असतात. चोपणात हे गणित उलटतं. सुटे झालेले बारीक कण थेट पाईपमध्ये येतात. तिथे फिल्टर हवाच. जाड जिओटेक्स्टाईलमध्ये (कृत्रिम धाग्याच्या गाळणी कापडात) बारीक गाळ रुतून ते चोंदण्याची भीती असते, म्हणून आमची पसंती पाईपभोवती चारी बाजूंनी तीन-चार इंच जाड खडी आणि जाडसर वाळूच्या थराला. महाग पडतं, वाळू मिळत नाही, हे खरं. ते जमत नसेल तर पाईपवर कारखान्यातच चढवून आलेला कापडी मोजा घ्या. बांधावर बसून शिवलेली पोती किंवा शेडनेट गुंडाळणं म्हणजे पैसे वाचवल्याचं समाधान, बाकी काही नाही.

चर, लेव्हल आणि उलटा क्रम

काम ओढ्याकडून सुरू करायचं. आधी तोंड, मग कलेक्टर, मग चेंबर, शेवटी लॅटरल. वरून खाली खणत आलं की ओल्या रानात चरात पाणी साठतं, कडा ढासळतात आणि पाईप चिखलात तरंगतो. तरंगलेला पाईप माती पडल्यावर जिथे राहील तिथे राहतो. खालून वर गेलं की पाणी आपोआप निघून जातं आणि तळ कोरडा मिळतो. एवढी साधी गोष्ट, पण पोकलेन रस्त्याच्या बाजूने आत येतं म्हणून काम रस्त्याकडून सुरू होतं.

लॅटरलला उतार हजारी एक ते दोन. म्हणजे शंभर मीटरला दहा ते वीस सेंटिमीटर. डोळ्याला हा उतार दिसत नाही आणि पाण्याच्या पातळ नळीने लांबवर भरवशाचा निघत नाही. डम्पी लेव्हल किंवा फिरता लेझर हवा, आणि दर पाच-दहा मीटरवर तळाचं वाचन कागदावर हवं. चूक किती चालते? पाईपच्या आतल्या व्यासाच्या निम्मी, म्हणजे साडेतीन सेंटिमीटर. त्यापेक्षा खोल खळगा राहिला की तिथे पाणी थांबतं, गाळ बसतो, आणि त्या खळग्याच्या वरचा अख्खा तुकडा आस्ते आस्ते बंद पडतो.

खळगा पडतो कसा हे पोकलेनच्या बकेटीजवळ उभं राहून बघण्यासारखं आहे. बकेट प्रत्येक घासाला थोडी खोल जाऊन वर येते, त्यामुळे तळ लाटालाटांचा होतो. चालक एखाद्या जागी जास्त खोल गेला की मजूर तिथे सुटी माती लोटून तळ ‘बरोबर’ करतात. वाचन घेतलं तर ते बरोबरच येतं. पाऊस पडला की ती सुटी माती बसते आणि पाईप पोट काढतो. जास्त खणलेली जागा खडीनेच भरायची, मातीने नाही. आणि शेवटचे दोन-तीन इंच बकेटीने न काढता फावड्याने काढायचे. हरियाणात केंद्रीय मृदा लवणता संशोधन संस्थेच्या मार्गदर्शनाखाली जी मोठी कामं झाली ती लेझर लावलेल्या ट्रेंचरने. चर खणणं, पाईप सोडणं, उतार राखणं एकाच फेरीत. आपल्या लहान-लहान तुकड्यांत आणि उभ्या उसाच्या शेजारी तेवढं यंत्र आणणं परवडत नाही. त्यामुळे फावडं आणि लेव्हल यांना पर्याय नाही.

पाईप टाकल्यावर त्यावर पहिली वीस सेंटिमीटर माती हाताने, मोकळी, ढेकळांशिवाय टाकायची. वरची सुपीक माती चराच्या एका बाजूला आणि खालची पिवळी, क्षारांची माती दुसऱ्या बाजूला ठेवली असेल तर भरताना तो क्रम पाळता येतो. चर भरून झाल्यावर ट्रॅक्टर फिरवून दाबू नका. भारी रानात पाणी पाईपपर्यंत उतरतं ते मुख्यतः या मोकळ्या चरातूनच. तो गच्च केला की पाईपचा गळाच आवळला. वर उंचवटा राहू द्या, पावसाळ्यात आपोआप बसेल.

उसाच्या भरल्या ट्रॉल्या जिथून जाणार त्या शेतरस्त्याखाली मात्र सच्छिद्र पाईप नकोच. तिथे जाड भिंतीचा बिनछिद्राचा पाईप घाला. नारळ, निलगिरी, बाभळीच्या जवळून जाणारा तुकडाही बिनछिद्राचा ठेवा, नाहीतर मुळं आत शिरून जट्टा करतात.

ओढा किती खोल आहे

काम जुळेल की नाही हे इथेच ठरतं, म्हणून आकडे मांडून बघू. सपाट रान, लॅटरल २०० मीटर, उतार हजारी दोन. सुरुवात एक मीटर खोलीवर केली तर शेवट १.४ मीटरवर येतो. चेंबरमध्ये कलेक्टर दहा सेंटिमीटर खाली. कलेक्टर ५०० मीटर, हजारी एक, म्हणजे आणखी अर्धा मीटर. तोंड जमिनीपासून दोन मीटर खाली आलं. ओढ्यातल्या नेहमीच्या पाण्यापासून ते किमान तीस सेंटिमीटर वर असायला हवं. म्हणजे ओढ्यातलं पाणी काठापासून २.३ मीटर, साडेसात फूट खाली हवं. गाळाने भरलेला, झुडपांनी अडलेला चार फुटी ओढा असेल तर आधी ओढा काढा. पाईपचं नंतर बघू.

कलेक्टरचा व्यास हाही असाच डोळेझाक होणारा मुद्दा. दिवसाला २ मिमी पाणी काढायचं धरलं तर एकरामागे आठ हजार लिटर होतात. ८० मिमीचा पाईप हजारी एक उताराला सेकंदाला जेमतेम अर्धा लिटर वाहतो. एका लॅटरलला ते भरपूर आहे. १६० मिमीचा कलेक्टर साडेतीन लिटरच्या आसपास, म्हणजे पस्तीस-अडतीस एकरांचं पाणी नेतो. एकाच कलेक्टरवर जोडलेल्या शेजाऱ्यांचा गट पन्नास एकरांचा असेल तर खालच्या टप्प्यात २०० मिमी पाहिजे. पहिले वीस एकर १६० वर झाले, मग शेजारचे एकेक करून जोडत गेले, आणि खालच्या माणसाच्या चेंबरमधून पाणी वर येऊ लागलं, असे प्रकार होतात. खाली राहणाऱ्याने जोडणीला परवानगी देण्याआधी हा हिशोब मागावा.

ओढ्याकडचे शेवटचे चार-पाच मीटर कडक, बिनछिद्राचा पाईप, त्याला उंदीर-घुशींसाठी जाळी आणि पुराचं पाणी उलटं शिरू नये म्हणून झडप. ऑगस्ट २०१९ आणि जुलै २०२१ च्या पुरांनंतर या भागात झडपेचं महत्त्व वेगळं सांगायला नको. पूर ओसरल्यावर झडपेत अडकलेलं पाचट काढलं नाही तर ती उघडी किंवा बंद, कशीही अडकते.

खोल ओढा नसेलच तर सिमेंटच्या रिंगांची विहीर करून, फ्लोट स्विच लावून पाणी उपसता येतं. दहा एकरांचं ऐंशी हजार लिटर पाणी चार मीटर उचलायला एक एचपीची मोटर दिवसाला दोन-तीन तास चालते. वीज गेली, मोटर जळली, की निचरा थांबला. गटातल्या कुणाच्या मीटरवर ती चालणार हे आधी लिहून घ्या.

एकट्याने एक-दोन एकराचं काम करणाऱ्याला आमचा सल्ला: वरच्या बांधालगत एक अटकाव लॅटरल आडवा टाका, वरून झिरपणारं पाणी तिथेच धरा. तेवढ्यानेही फरक पडतो. पण खरं काम गटानेच होतं. शिरोळच्या श्री दत्त शेतकरी सहकारी साखर कारखान्याने गणपतराव पाटील यांच्या पुढाकाराने शेतकऱ्यांचे गट बांधून जी जमीन सुधारणा केली, तिचं बळ पाईपपेक्षा सामाईक मुख्य कलेक्टरमध्ये आहे. पाणी बांधावर थांबून मालकाचं नाव विचारत नाही, आणि पाईप मात्र दुसऱ्याच्या रानातून गेल्याशिवाय ओढ्याला पोचत नाही.

पाईप पुरल्यानंतरची दोन वर्षं

पाईप पुरला की पाणी उतरतं, मीठ नाही. मीठ धुवावं लागतं. ढोबळ नियम असा की एक फूट माती धुवायला एक फूट पाणी तिच्यातून खाली उतरलं पाहिजे. मग साधारण ऐंशी टक्के मीठ जातं. सरीतून पाणी देऊन हे होत नाही, कारण सरीतलं मीठ वरंब्यावर चढतं. रान सपाट करून, वाफे पाडून, आठ-दहा सेंटिमीटर पाणी उभं करायचं, मुरू द्यायचं, पुन्हा भरायचं. पावसाळ्याचा उपयोग इथे करून घ्यायचा: बांध नीट असतील तर फुकटचं गोडं पाणी.

तोंडातून येणारं पाणी तपासत राहा. त्याची ईसी ५ असेल तर लिटरला तीन ग्रॅमच्या वर मीठ चाललंय. १०० मिमी पाणी निघालं तर एकरातून सव्वा टन मीठ बाहेर पडलं. पहिल्या पावसाळ्यात हा आकडा मोठा असतो, मग उतरतो. तो उतरून तुमच्या पाटपाण्याच्या जवळ आला की धुणं थांबवा. पुढे जातं ते नत्र. यासाठीच चेंबरमध्ये कलेक्टरच्या तोंडाला बुच मागून घ्या. खत दिल्यावर आणि उन्हाळ्यात ते लावता येतं. हे मीठ ओढ्यातून नदीला जातं आणि खालचं गाव तेच पाणी उचलतं, ही या व्यवस्थेची न सुटलेली बाजू. मोठं धुणं पावसाळ्यात नदी भरून वाहत असताना करावं, याचं तेही एक कारण.

चोपण रानात जिप्समचा हिशोब पोत्यांत करू नका. काळ्या मातीची धनभारित कण धरण्याची क्षमता शंभर ग्रॅमला ५० मिलीइक्विव्हॅलंट, ईएसपी २५, आणि तो १० वर आणायचा, तर वरच्या १५ सेंटिमीटरसाठी एकरी पाच-साडेपाच टन शुद्ध जिप्सम लागतं. प्रयोगशाळेने काढलेल्या गरजेच्या निम्मं पहिल्या वर्षी टाका, वरच्या चार-सहा इंचांतच मिसळा, नांगराने खोल गाडू नका, आणि लगेच पाणी उभं करा. चुनखडीच्या रानात गंधकही चालतं. एक टन जिप्समच्या जागी १८६ किलो. पण ते जिवाणूंकरवी आम्ल व्हायला ओल, ऊब आणि काही आठवडे लागतात. एकरी दोन पोती जिप्सम टाकून ‘फरक पडला नाही’ म्हणणाऱ्यांनी वरचा आकडा पुन्हा वाचावा. आणि बाटलीतून येणाऱ्या ‘क्षारनाशक’ द्रवांनी सोडियम नाहीसा होत नाही. तो जिप्सममधल्या कॅल्शियमने सुटतो आणि पाण्यासोबत बाहेर जातो, त्याला तिसरी वाट नाही.

त्यामागून ढैंचा. एकरी २० ते २५ किलो बी, ४५-५० दिवसांनी, फुलावर यायच्या बेतात असताना गाडायचा. पहिल्याच वर्षी ऊस लावायची घाई नको. मिठाला गहू ६ ईसीपर्यंत टिकतो, ज्वारी ६.८, शुगरबीट ७, सोयाबीन ५. त्यांच्यापुढे ऊस फारच नाजूक. आणि ऊस लावला तर ठिबकवर. मोकाट पाणी चालू ठेवून पाईप पुरणं म्हणजे वीजबिल भरून नदीचं पाणी नदीला परत करणं.

देखभाल कमी आहे, पण शून्य नाही. चेंबरचा तळ कलेक्टरच्या खाली एक फूट हवा, तिथे गाळ बसतो. तो पावसाच्या आधी आणि नंतर काढायचा. चेंबरचं झाकण जमिनीच्या वर दिसेल असं ठेवा. नांगराला आडवं येतं म्हणून ते फूटभर खाली गाडतात आणि मग कुणालाच सापडत नाही. एखाद्या लॅटरलमधून पाणी यायचं थांबलं तर चेंबरमधून नोझलची नळी आत सोडून, दाब बेताचा ठेवून धुता येतो. जास्त दाबाने पाईपभोवतीचा फिल्टर उचकटतो.

दुसरं काय मिळतं

उघडा चर स्वस्त वाटतो. दीड मीटर खोल, तळ अर्धा मीटर आणि दोन्ही बाजूंना एकास एक उतार दिला तर वरची रुंदी साडेतीन मीटर होते. शंभर मीटर चरात साडेतीन गुंठे रान गेलं, दरवर्षी गाळ काढणं आलं, ट्रॅक्टर वळवणं अवघड. कलेक्टर म्हणून चालेल, लॅटरल म्हणून नाही.

मोल निचरा, म्हणजे नांगराला लोखंडी गोळा जोडून दीड-दोन फुटांवर मातीतच बीळ पाडणं, नुसत्या चिबड आणि चिकण रानात फार चांगला. चार-पाच मीटरवर एक बीळ, मोठा ट्रॅक्टर, आणि त्या खोलीला माती वळली जाईल इतकी ओल. तीन-चार वर्षांनी पुन्हा करायचा. चोपणात बीळ पहिल्या पावसातच ढासळतं. पण जिप्सम पडून माती सुधारल्यावर लॅटरलला आडवे मोल ओढले तर पाईपचं अंतर वाढवता येतं, आणि या जोडीकडे आपल्याकडे पुरेसं लक्ष गेलेलं नाही. सांगलीजवळ कसबे डिग्रजला महात्मा फुले कृषी विद्यापीठाचं संशोधन केंद्र आहे. काम ठरवण्याआधी तिथे तपासणीचे कागद घेऊन गेलेलं बरं.

निलगिरीच्या ओळी पाणी ओढतात, मीठ जागेवर ठेवतात. कालव्याच्या कडेला ठीक.

पैसे कधी द्यायचे

करारात लिहून घ्या: लॅटरलचं अंतर, खोली, पाईपचा शिक्का, फिल्टरचा प्रकार, दर दहा मीटरला तळाचं वाचन, आणि शेवटी नकाशा. नकाशात प्रत्येक चेंबर बांधाच्या दोन पक्क्या खुणांपासून किती मीटरवर आहे ते हवं. मोबाईलवरची खूण तेवढी नेमकी नसते. चर उघडा असताना लेव्हल स्वतः उभं राहून बघा. बुजवल्यावर बघण्यासारखं काही उरत नाही.

रकमेचा निदान चौथा हिस्सा पहिल्या मोठ्या पावसापर्यंत राखून ठेवा. पाऊस पडून गेल्यावर दुसऱ्या दिवशी एकेका चेंबरचं झाकण उघडून प्रत्येक लॅटरलच्या तोंडातून धार येते का ते बघायचं. बाकीच्या वाहतायत आणि एक कोरडी आहे, तर ती कुठेतरी मोडलीय किंवा पोट काढून बसलीय. सगळ्याच गढूळ वाहतायत आणि आठवडा झाला तरी निवळत नाहीत, तर फिल्टर फसला. धार स्वच्छ आहे, पण रानात पाणी अजून उभं आहे, तर पाईप आणि उतार बरोबर आहेत, माती पाणी सोडत नाही. तिथे कंत्राटदाराचे पैसे द्या आणि जिप्समची गाडी मागवा.